दुपारी तीनची राखण: एका कवेलूच्या घरातला मे महिना

उदाहरणासाठी घेतलेलं घर वर्धा-यवतमाळच्या काळ्या मातीच्या पट्ट्यात कोणत्याही गावात सापडेल असं आहे. पुढची खोली मातीच्या जाड भिंतींची, वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. मागची खोली विटांची, वर टिनाचे पत्रे. समोर छपरी, अंगणात एक कडुलिंब. घरात आजी, आई-वडील, बारा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. जनावरं म्हणजे साधारण १५ किलोचा गावठी कुत्रा, सात कोंबड्या, एक शेळी आणि तिची दोन पिल्लं. आई-वडील पहाटे वावरात जातात, पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, वेचून दहाच्या आत परततात. शाळा बंद. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, त्यामुळे पोरांचे पावणेदोन महिने घरात काढायचे असतात.

दिवस मे महिन्याच्या उत्तरार्धातले, नवतपा, म्हणजे मे अखेरचे सर्वांत तापणारे नऊ दिवस, तोंडावर. पारा ४३-४४ अंशांवर, आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास, दुपारी पश्चिमेकडून झळा. हे या भागाचं नेहमीचं ऊन आहे, टोकाचं नाही. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झालेली आहे.

अडचण दोन्हीकडून येते. अकरा ते पाच पोरं घरात कोंडलेली, हातात मोबाईल, एकमेकांशी भांडणं. त्याच वेळी बाहेर कोंबड्या चोच उघडी टाकून धापा टाकतात, आणि एखाद्या संध्याकाळी त्यातली एक मेलेली सापडते. घरचे या दोन गोष्टी वेगळ्या समजतात. आमच्या मते त्यांचा उपाय एकच आहे. दिवसातलं सर्वांत जास्त तापमान दुपारी बाराला नसतं, तीन-साडेतीनच्या सुमाराला असतं, आणि नेमकं तेव्हा घर झोपलेलं असतं. जनावरं मरतात ती याच वेळी. म्हणून त्या वेळी खुराड्याकडे नजर ठेवून कोणीतरी जागं बसलेलं हवं. रिकाम्या हातांनी कोणी तसं बसत नाही. हाताला काम हवं, आणि ते अर्ध्यावर टाकून ताबडतोब उठता येईल असं हवं.

आधी काय केलेलं होतं, आणि ते का फसलं

खुराडं चार फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच, वर पत्रा. घरच्यांनी काळजीपोटी चारही बाजूंना ओली पोती लावली होती. तरी कोंबड्या जास्तच धापा टाकत होत्या.

कोंबडीच्या अंगाचं तापमानच ४१ अंशांच्या आसपास असतं. हवा ४३ वर गेली की अंगातली उष्णता हवेत जाणं थांबतं, उलट हवेतली अंगात यायला लागते. कोंबडीला घाम येत नाही. तिच्याकडे एकच मार्ग उरतो, तोंड उघडून धापा टाकत घशातलं पाणी वाफ करून बाहेर टाकणं. चारही बाजूंनी ओल्या पोत्यांनी बंद केलेल्या खुराड्यात ती वाफ अडकते, हवा दमट होते आणि धापेचा उपयोग संपतो. ओलावा गार करतो तो वारा त्यातून पार गेला तरच.

शिवाय चारपैकी दोन पोती युरियाची होती. प्लास्टिकचं पोतं पाणी पीत नाही. त्यावर ओतलेलं पाणी घरंगळून जातं आणि पोतं पाच मिनिटांत कोरडं होऊन वारा मात्र अडवतं.

कुत्र्याची गोष्टही याच जातीची. सकाळी आठला त्याला कडुलिंबाच्या पश्चिमेला सावलीत बांधलं जायचं. सूर्य डोक्यावरून सरकला की सावली झाडाच्या पूर्वेला जाते आणि साखळी तिथेच राहते. मग त्याला टिनाच्या छपरीत आणलं जायचं. वर तापलेला पत्रा, खाली तापलेलं सिमेंट. पत्र्याखालची सावली झाडाच्या सावलीसारखी नसते. पत्रा स्वतः तापून खाली उष्णता फेकतो.

खुराड्याची ताटी

पहिलं हस्तकाम हेच, कारण याचा उपयोग दुसऱ्या दिवशीपासून दिसतो आणि पोरांचा हुरूप टिकतो.

ज्यूटचं ५० किलोचं बारदान घ्यायचं. शिवण उसवून उघडलं की साधारण ३ फूट बाय पावणेचार फूट कापड मिळतं, म्हणजे खुराड्याची एक लांब बाजू जवळपास पूर्ण झाकते. तुराट्यांची, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्यांची, त्याच मापाची चौकट करायची. कडेला तीन-तीन तुराट्यांची जुडी, मध्ये दोन आडव्या, दोन उभ्या, प्रत्येक छेदावर सुतळीची गाठ. एकेरी तुराटी ओल्या बारदानाच्या वजनानं वाकते, म्हणून जुडीच हवी. बारदान चौकटीवर ताणून दाभणानं चार-चार बोटांवर टाके घालायचे. दाभण आजीच्या किंवा मुलीच्या हातात, धाकट्याकडे सुतळी कापून देणं.

ताटी फक्त पश्चिमेला लावायची, जाळीपासून वीतभर अंतर सोडून. पूर्वेची बाजू पूर्ण उघडी. उन्हाळ्यातला वारा पश्चिमेचा असल्यानं तो ओल्या बारदानातून गाळून आत येतो आणि समोरून निघून जातो.

तांब्यानं पाणी मारलेलं बारदान या हवेत अर्ध्या-पाऊण तासात वाळतं, आणि दर अर्ध्या तासाला ४३ अंशांत पोराला बाहेर पाठवणं बरोबर नाही. म्हणून वावरातली जुनी ठिबकची नळी वापरायची. १६ मिमीची, ४० सेंटिमीटरवर ड्रिपर (थेंब सोडणारं छिद्र) असलेली, ताशी ४ लिटरवाली. ताटीच्या लांबीत तीन ड्रिपर बसतात. नळीचं एक टोक दुमडून बांधायचं, दुसरं २० लिटरच्या कॅनला जोडायचं आणि कॅन ताटीच्या वर एक मीटर उंचीवर ठेवायचा. ड्रिपरवर लिहिलेलं ४ लिटर हे पंपाच्या दाबाचं, म्हणजे सुमारे १० मीटर उंचीच्या पाण्याचं असतं. एक मीटरवरून त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं, ताशी सव्वा लिटर पडतं. तीन ड्रिपरचे पावणेचार लिटर, म्हणजे २० लिटरचा कॅन साडेअकराला उघडला तर साडेचार-पाचपर्यंत पुरतो. ड्रिपर साधे हवेत. दाब सांभाळणारे ड्रिपर इतक्या कमी दाबावर चालतीलच असं नाही.

इथे बिघडतं ते क्षारांनी. बोअरच्या पाण्यानं आठवड्याभरात ड्रिपरचं तोंड पांढरं होऊन बुजतं. कॅनच्या तोंडाला सुती फडकं बांधायचं आणि दर आठ दिवसांनी नळी उलटी करून झटकायची. गावात टँकर सुरू असेल तर वीस लिटर म्हणजे थोडं पाणी नाही. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी गाळून चालतं, पण साबणाचं चालत नाही, कारण ताटीखाली साचलेलं पाणी कोंबड्या पितातच. ताटीखाली वांग्याचं किंवा मिरचीचं रोप लावलं की गळणारं पाणी वाया जात नाही.

पत्र्याच्या वर एक वीत पोकळी सोडून पऱ्हाटी-तुराटीचा थर टाकायचा. पोकळी सोडली नाही तर थर तापतो आणि पत्र्यालाही तापवतो. पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात दिला तर आणखी चांगलं, मात्र चुना मोठ्यांनी आदल्या दिवशी विझवून ठेवलेला असावा. कळीचा चुना पाण्यात उकळतो आणि डोळ्यात उडाला तर डोळा जातो. हे पोरांचं काम नव्हे.

ओल्या, गार जागेला साप आणि विंचूही येतात. अंडी काढायला अंधारात हात घालायचा नाही, आधी बॅटरी मारून बघायचं. ताटी हलवताना मागची बाजू आधी काठीनं ठोकायची.

दाणापाणी

खाल्लेलं पचवताना अंगात उष्णता तयार होते. म्हणून ज्वारी, कणी सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर. भर दुपारी दाणा टाकला की कोंबडी खाते, आणि तासाभरानं, नेमकं सर्वांत जास्त उन्हात, आतूनही तापते. मधल्या वेळी टरबुजाची साल किंवा काकडीचे तुकडे.

एरवी पाव लिटर पिणारी कोंबडी या दिवसांत अर्धा लिटरपर्यंत पाणी पिते. सात कोंबड्यांना साडेतीन लिटर धरायचं. पाणी गरम झालं की ती पिणं सोडते. प्लास्टिकच्या टोपल्यातलं पाणी अकरालाच तापतं. मातीचे दोन परळ (पसरट भांडी), दोन्ही सावलीत, दर दोन तासांनी माठातल्या पाण्यानं बदललेले. आजीची हाक दुपारभर एकच असते, “कोंबड्यायले पाणी देल्लं का वं?” ती हाकच या घराचं घड्याळ ठरवावी. मीठ-साखर अंदाजानं घालू नये, जास्त मीठ कोंबडीला मारतं.

एखादी पंख अंगापासून लांब धरून, मान लांबवून बसली, तुरा निळसर पडला, तर वेळ कमी आहे. माठातल्या पाण्याच्या घमेल्यात तिला छातीपर्यंत दोन-तीन मिनिटं उभं करायचं, डोकं कोरडं ठेवायचं, मग सावलीत वाऱ्यावर ठेवायचं.

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसलेल्या कोंबडीखाली मे महिन्यात अंडी ठेवू नयेत. अंडं उबायला साडेसदतीस अंशांच्या जवळपास तापमान लागतं. इथे हवाच त्याच्या पाच-सहा अंश वर असते, गर्भ मरतो. कोंबडीही दिवसातून एकदाच उठते आणि बसल्या जागी वाळते. तिला तीन-चार दिवस जाळीच्या तळाच्या, जमिनीपासून उचललेल्या पिंजऱ्यात ठेवलं की पोटाला खालून वारा लागून खुडूकपणा मोडतो.

कुत्र्याची बाज

हे दुपारच्या राखणीचं खरं काम. दोरी वळणं आणि विणणं कधीही थांबवता येतं, हात कोरडे राहतात, आणि अंधाऱ्या खोलीतही जमतं.

चौकट ३ फूट बाय २ फूट, पाय वीतभर उंच. जुन्या मोडक्या बाजेचे दांडे कापून किंवा बांबूची. खालून वारा खेळणं हाच तिचा उद्देश, म्हणून वर गादी टाकायची नाही. सुतळीपेक्षा सुती लुगड्याची दोरी चांगली. कुत्र्यानं सुतळी चघळून गिळली तर तिचे धागे आतड्यात अडकतात. सुती दोरीही गिळण्याची वस्तू नाही, म्हणून सगळी टोकं खालच्या बाजूला गाठ मारून आत खोचायची. दात शिवशिवणारं लहान पिल्लू असेल तर विणकाम नकोच, ताणलेलं जाड बारदान लावावं.

हिशोब असा. एक जुनं नऊवारी लुगडं, लांबी ८ मीटर, पन्हा ४४ इंच. लांबीच्या दिशेनं दोन-दोन इंचांच्या पट्ट्या फाडल्या तर २२ पट्ट्या, मिळून १७६ मीटर. दोन पट्ट्यांची एक दोरी म्हणजे ८८ मीटर, आणि पिळात आखडून सुमारे ७५ मीटर. बाजेला लागते ती आडवी गुंडाळी इंचा-इंचावर, सुमारे ४६ मीटर, आणि वरून एकाआड एक खालीवर घातलेले उभे २४ पदर, सुमारे २५ मीटर. एक लुगडं बरोबर पुरतं. काठ वेगळे ठेवावेत, ते घट्ट असतात आणि पाय बांधायला कामाला येतात.

पहिल्यांदा वळणाऱ्याची दोरी उलगडते, कारण दोन्ही पीळ एकाच दिशेनं दिलेले असतात. प्रत्येक पट्टीला उजवा पीळ द्यायचा आणि दोन पट्ट्या एकमेकींवर डाव्या दिशेनं गुंडाळायच्या. मग दोन्ही पीळ एकमेकांना अडवून धरतात. पट्टी संपत आली की नवी पट्टी वीतभर आधीच पिळात घालायची, आणि दोन्ही पदरांचे जोड एकाच जागी येऊ द्यायचे नाहीत. मुलगा टोक पायाच्या अंगठ्यात धरतो, मुलगी वळते, आजी ताण बघते. एका दुपारी दहा-बारा मीटर होतात, तेवढं पुरे.

चार-पाच दिवसांत विणकाम सैल पडतं. सुती दोरी ताणतेच. म्हणून पायथ्याकडे एक पदर गाठीऐवजी फासानं बांधायचा, तो ओढला की सगळं पुन्हा ताठ होतं.

बाज पुढच्या कवेलूच्या खोलीत, दाराजवळच्या जमिनीवर, आणि कुत्रा मोकळा. त्याला फिरवणं पहाटे साडेसहाच्या आत आणि दिवस बुडाल्यावर. रस्त्यावर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवता आली नाही तर त्याचे तळवेही तिथे पोळणार. पाणी एरवी पाऊण ते एक लिटर, या दिवसांत दीडपट ठेवावं. कान आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघणं हे रोजचं काम. ती चिमट्यानं तोंडाजवळ पकडून सरळ ओढायची. म्हशीचं गोचिडाचं औषध अंदाजानं कुत्र्याला लावू नये.

कुत्रा झोकांड्या देतोय, लाळ चिकट, हिरड्या गडद लाल, ओकतोय, असं दिसलं की पाणी पाजण्याच्या नादी न लागता सावलीत आडवं करून पोट, जांघा आणि तळव्यांवर साधं पाणी ओतत राहायचं आणि पंखा लावायचा. बर्फ नको, त्यानं कातडीच्या नसा आकसतात. ओलं फडकं पांघरून ठेवू नये, तेच तापून गोधडी होतं. लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. फिरत्या पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

सकाळची, ओल्या हातांची कामं

कागदाच्या लगद्याची टोपली या हवेत छान वाळते, पण तडकतेही याच हवेत. एक किलो रद्दी फाडून तीन दिवस भिजवायची, पाणी रोज बदलायचं, नाहीतर आंबूस वास सुटतो. मग उखळात कुटून पिळून, त्यात रात्रभर भिजवून वाटलेली १०० ते १५० ग्रॅम मेथी कालवायची. मेथी चिकटपणा देते आणि तिच्या कडवटपणामुळे किडे लांब राहतात. उपड्या घमेल्यावर ओलं फडकं पसरून वर लगदा थापायचा.

अर्धा इंच थर एकदम थापला आणि उन्हात ठेवला की संध्याकाळपर्यंत भेगा पडतात. वरचा थर वाळून आकसतो, आतला ओलाच, आणि घमेलं तर आकसतच नाही. पाव इंचाचे दोन थर, मध्ये एक रात्र. पहिल्या दिवशी सावलीत ओलसर फडक्याखाली. बोटानं दाबून दबत नाही पण अजून गार लागते, अशा वेळी घमेल्यावरून सोडवायची, आणि मगच ऊन दाखवायचं. वरून चिंचोक्याच्या खळीनं कागदाच्या पट्ट्या. घरोघरी चिंच फोडून झालेली असते, चिंचोके फुकट मिळतात. भाजून, साल काढून दळलेली एक वाटी पूड, दहा-बारा वाट्या पाणी, मंद आचेवर अर्धा तास ढवळत. ढवळणं थांबलं की गुठळ्या होतात. टोपली डाळ-लसणाला चालते. छापील शाई असल्यानं भाकरी थेट ठेवू नये, आणि कोंबडीला घरटं म्हणून देऊ नये, कागदात उवा-पिसवा घर करतात.

पळसाच्या पानांच्या पत्रावळी पहाटेच. कोवळी पानं ओल्या फडक्यात गुंडाळून दगडाखाली ठेवली तर सकाळभर वळतात, उघडी पडली की तासाभरात पापडासारखी मोडतात. उरलेली पानं शेळी खाते. शेळीची फार काळजी या घरात लागत नाही. कडुलिंबाची सावली, दिवसातून तीनदा पाणी, आणि पिल्लांना टिनाखाली कोंडायचं नाही.

कूलर

पुढच्या खोलीत टिनाचा कूलर आहे. पोरं, ओली फरशी आणि गाराव्याला येऊन बसणारा कुत्रा, हे तिन्ही एकत्र आले की धोका उन्हापेक्षा मोठा होतो. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं दगावतात. पाणी भरताना नुसतं बटण बंद करणं पुरत नाही, पिन काढायची. तीन पिनांचा प्लग आणि खरीखुरी अर्थिंग, आणि मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा गळती-प्रवाह तोडणारा स्विच. हा खर्च ताटीच्या, बाजेच्या आधी करावा. समोरची खिडकी वीतभर उघडी हवी. खोली बंद ठेवली तर खुराड्यात झालं तेच इथे होतं.

कूलरची टाकी आणि पाखरांसाठी टांगलेले परळ यांत डासाची अळी साधारण आठवड्यात डास होते. परळ रोज घासायचे, टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण कोरडी करायची.

दिवसाची बसवलेली घडी

साडेपाच ते नऊ बाहेरची आणि ओल्या हातांची कामं. साडेदहाला पश्चिमेच्या खिडक्या बंद, साडेअकराला कॅनची तोटी सुरू. बारा ते दोन आजी आणि मुलगा झोपतात, मुलगी हवं ते करते. दोनला पाळी बदलते. आजी उठते, दोरी आणि दाभण काढते, खुराडं दिसेल अशा खिडकीशी बसते, दोन्ही पोरं सोबत. खोलीत उजेडासाठी छपरात एक काचेचं कवेलू पुरतं, त्याचा कवडसा विणकामावर घ्यायचा. साडेचारपर्यंत दर अर्ध्या तासाला एक नजर खुराड्याकडे, एक परळाकडे. धापा वाढल्या तर काम तिथेच टाकून उठायचं. आजीला घेरी आली, घाम थांबून अंग तापलं, तर मात्र कोंबड्या बाजूला आणि १०८.

ढग आल्यावर

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पारा ३६ वर उतरतो, आर्द्रता ६५ टक्क्यांवर जाते, आणि घरचे निर्धास्त होतात. नुकसान इथेच होतं. ४३ अंश आणि १५ टक्क्यांच्या हवेत ओल्या ताटीतून येणारा वारा तत्त्वतः २३ अंशांपर्यंत उतरू शकतो. ३६ अंश आणि ६५ टक्क्यांत तो ३० च्या खाली जाऊच शकत नाही, आणि कोंबडीची धापही निकामी होते. वारा पडलेल्या, ढगाळ दुपारी ओली ताटी फक्त दमटपणा वाढवते.

त्या दिवसापासून कॅन बंद, ताटी काढून बाजूला, खुराडं चारही बाजूंनी उघडं, जमल्यास लहान पंखा. कोंबड्या खुराड्यात न कोंडता दिवसभर झाडाखाली मोकळ्या. ताटी पूर्ण वाळवून टांगून ठेवायची, ओली गुंडाळली तर बारदान कुजतं. पाऊस नीट लागायच्या आत कोंबड्यांना मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस टोचून घ्यावी. खुडूक कोंबडीखाली नऊ ते अकरा अंडी ठेवायची ती रात्री गार पडायला लागल्यावर, आणि अंडी आठवड्याच्या आतली, माठाशेजारी गारव्यात ठेवलेलीच घ्यावीत.